विमानाच्या पोटातली तार

हुकूम सोडणे सोपे. तो शेवटच्या टोकापर्यंत न वाकता पोचवणे हेच प्रशासनाचे खरे काम. निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी चौतीस वर्षे तेच केले आणि मग, हात रिकामे नकोत म्हणून, रिमोटवर उडणारे विमान घरीच बांधायला घेतले. त्यासाठी घरातले एकमेव मोठे टेबल ताब्यात घेण्यात आले. ते वास्तविक पत्नीचे. त्या शिवणकाम करतात आणि गेले अकरा महिने कापड जमिनीवर बेततात. (दुखणारे गुडघे : दोन. तक्रारी तोंडी असल्याने नोंद नाही.) महिनाअखेरच्या रविवारी विमान मैदानावर न्यायचे, टेबल मोकळे करायचे, असे ठरले होते.

पहिल्या तारखेला चाचणी झाली. पोटातली छोटी मोटर एका लांब तारेने शेपटीची फळी हलवते. तार ओढली की फळी शिस्तीत वर येई. ढकलली की तार मधेच कमान टाकून वाके आणि फळी ढिम्म. म्हणजे विमान वर जाण्यास समर्थ होते. खाली येण्याबाबत निर्णय प्रलंबित होता.

पत्नीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अहो, नाडी नुसती ढकलली तर मुडपणारच. नेफा लागतो तिला. आतून स्ट्रॉ चिकटवा ओळीने, तार त्यातून ओवा. पाच मिनिटांचं काम."

"हे विमान आहे. पायजमा नाही," साहेब म्हणाले.

सूचनेत दोन गंभीर त्रुटी होत्या : ती फुकट होती आणि ऐकताक्षणी समजत होती. तेव्हा त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. साहेब, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि मेहुणे (ते छत्री परत न्यायला आले होते). समितीने तार जाड केली. जाड तार ढकलायला मोठी मोटर आली, मोटरला मोठी बॅटरी. ते वजन पेलायला पंख लांबवून पक्के चिकटवले. पंख टेबलाबाहेर गेले, म्हणून टेबलालाच दोन्हीकडून फळ्या ठोकल्या.

शनिवारी अहवाल आला. तार वाकण्याच्या घटना : शून्य.

"बघ! केसभरसुद्धा वाकत नाही."

"छान. आणि जिन्यातून उतरवणार कसं?"

पट्टी लावली गेली. पंख सात फूट, जिन्याचे वळण साडेतीन. पंख कापण्याची सूचना पुढे आली. अहवालावर सह्या झालेल्या असल्याने ती विचारात घेता आली नाही. विमान 'उड्डाणास योग्य, मात्र हलविण्यास अयोग्य' ठरले. टेबल त्याच्या नावे कायम झाले. पत्नीने गुडघ्याखाली उशी घेतली आणि पुढची बाही बेतली.

इथवर वाचकांनी साहेबांना पोटभर हसून घेतले असेल. हसावे. फक्त, घरातल्या कुणी तुम्हाला सांगितलेली शेवटची सोपी गोष्ट कोणती, तेवढी आठवून पाहावी. (आठवत नसेल तर विचारायला जाऊ नये. त्या माणसाने सांगणे केव्हाच सोडले आहे.)