कनिष्काला कुंकू

माझी मुलगी जन्मली तेव्हा शेजारचे मोतीलाल नाना तिला बघायला आले. पाळण्यावर वाकले, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि बराच वेळ निरखत राहिले. माझी आई बाळाचा गाल कुरवाळायला पुढे झाली, तर तिलाच म्हणाले, "हात नको. डोया लावा." म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघा.

आई चिडली. आजीनं नातीला हात लावायचा नाही म्हणजे काय! मला मात्र हसू आलं, कारण लोणखेड्यात नानांचं हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. शहाद्याच्या बाजारात ते पपईसुद्धा हात न लावता घेत. विकणारा पपई फिरवून दाखवायचा आणि नाना हात पाठीशी बांधून वाकून बघायचे.

ही सवय नाण्यांमुळे लागली. नाना एस.टी.त कंडक्टर होते. जन्मभर लोकांच्या घामट हातांतली चिल्लर घेतली आणि छंद धरला तो कोणीही हात लावू नये अशा नाण्यांचा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकायला उत्तरेकडचे व्यापारी येतात. त्यांतल्या मथुरेकडच्या एकाच्या घोडीच्या गळ्यात घुंगरांबरोबर तांब्याचं एक जाड, काळं नाणं लटकत होतं. नानांनी ते मागून घेतलं. पुढे कोणीतरी सांगितलं की हे कुषाण राजांचं, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी उत्तरेत राज्य करणाऱ्यांचं. झालं. तेव्हापासून तो व्यापारी दर यात्रेला घोड्यांबरोबर नानांसाठी दोन-चार नाणी आणायचा. नानांनी घोडा कधीच घेतला नाही.

अशी चाळीसेक नाणी बिस्किटांच्या जुन्या डब्यात, मऊ कापडात ठेवलेली असत. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष रोख होता. डबा उघडायचे आणि म्हणायचे, "गुर्जी, तुमना पुस्तकमा कुषाण किती? दीड पान! नि त्या दीड पानमा बी बूटनं नाव नही."

बूट हा त्यांचा आवडता मुद्दा. नाण्यावर कनिष्क राजा उभा असतो. अंगात लांब कोट, पायात जाडजूड बूट, आणि एका हातानं छोट्या वेदीत आहुती टाकतो आहे. नाना तुळशीपाशी चप्पल घालून आले म्हणून त्यांची बायको, आमच्या नानी, ओरडल्या की नाना डबा घेऊन यायचे. "दख, राजा बूट घालीसन आहुती दी ऱ्हायना. मंग मन्ही चप्पल कसाले नडस?"

"त्या राजालेच सांगा मंग चहा करी द्याले," नानी म्हणायच्या आणि चिंच घेऊन तांब्याचा हंडा घासायला बसायच्या.

नानींचं घासणं ही दुसरी कथा. त्या घरात तांब्या-पितळेचं भांडं काळं दिसलं तर त्यांना जेवण जात नसे. आणि नानांच्या लेखी काळेपणा हीच नाण्याची अब्रू. जुन्या तांब्यावर शेकडो वर्षांत जी काळपट-हिरवी कांती चढते, ती नाण्याच्या खरेपणाची खूण. ती घासली की नाणं गेलं. एकाच घरात हे दोघं तीस वर्षं नांदले, कारण नानी त्या डब्याकडे बघतच नसत. "भंगार" एवढाच त्यांचा शब्द. मुलगा सुरतेला नोकरीला. तोही भंगारच म्हणायचा. मी म्हणत नव्हतो, पण नाना बोलायला लागले की घड्याळाकडे बघायचो.

गेल्या वर्षी नानांचं नशीब उघडलं. पुण्याचे एक अभ्यासक कुषाण नाण्यांवर पुस्तक लिहीत होते. त्यांचा फोन आला. भाऊबीज झाली की येतो, चांगल्या नाण्यांचे फोटो घेतो, खाली तुमचं नाव छापतो. नाना चार वेळा माझ्याकडे येऊन ते नाव कसं छापलं जाईल ते सांगून गेले. मोतीलाल पाटील, लोणखेडा. "गावनं नाव बी ई," म्हणजे गावाचंही नाव येईल, हे ते दर वेळी शेवटी सांगत. फोटोसाठी त्यांनी पांढरं कापड आणून ठेवलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते बत्तासे आणायला शहाद्याला गेले. घरात नवी सून होती, खापर गावची मनीषा. नानींनी तिला सांगितलं, घरातले जुने पैसे घासून पूजेला मांड. नानींच्या मनात त्यांच्या सासूचे चांदीचे रुपये होते. मनीषानं घर धुंडाळलं आणि तिला बिस्किटांचा डबा सापडला.

संध्याकाळी मी पूजेला गेलो तेव्हा नाना नुकतेच पोचले होते. पाटावर ताटात गहू पसरले होते आणि त्यावर चाळीसेक नाणी नव्या पैशांसारखी लखलखत होती. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. कनिष्काच्या कपाळाचं कुंकू ओघळून बुटांपर्यंत आलं होतं.

"नाना, दखा तरी!" मनीषाचा चेहरा फुलला होता. "बठ्ठा राजा कसा चमकी ऱ्हायनात! येक बी सोडा नही मी."

नानांच्या हातात बत्ताशांची पिशवी तशीच होती.

"काय लाईसन घासात?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिंच नि मीठ. मंग राख."

नाना ताटाकडे बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि पाटासमोर बसले. "चांगलं करं," म्हणाले, म्हणजे चांगलं केलंस.

पुण्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन करा, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. बिचाऱ्यांना वाटलं असेल, एखादं तरी वाचलं असेल.

पाहुणे आले. पांढऱ्या कापडावर नाणी मांडली होती. भिंग लावून त्यांनी दोन बघितली, तिसरं बघितलं आणि भिंग खाली ठेवलं.

"हे कोणी केलं?"

मनीषा चहा घेऊन दारात उभी होती. तोवर तिला कोणी काही बोललं नव्हतं.

"मीच घासात, साहेब," नाना म्हणाले.

"तुम्ही? दोन हजार वर्षांची कांती तुम्ही एका दुपारी घालवलीत! एवढंही कळत नसेल तर संग्रह कशाला करता हो?"

नानांनी मान खाली घातली. वर्गात छडी खाणाऱ्या पोरासारखे ते ऐकत राहिले. पाहुण्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. मनीषानं चहा तसाच परत आत नेला.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "नाना, खोटं कशाला बोललात? चुकून झालं म्हणायचं. निदान तुमची तरी अब्रू राहिली असती."

"गुर्जी, तीस वरीस व्हयनात," नाना म्हणाले. "ह्या घरमा कोनी आपला मनथीन तो डबा उघाडा का? नानीनी नही, पोऱ्यानी नही. तुम्हीबी नही. बठ्ठास्नी भंगार म्हनं. हाई पोर आठ महिना पहिले उनी. तिनी डबा उघाडा नि तिले त्यामा लक्ष्मी दिखनी. आते तिले कसं सांगू, तू चूक करी म्हनीसन?"

मला शरम वाटली. तीस वर्षं नाना "हात नको" म्हणत आले, आणि आम्हा कोणाचाही हात त्या नाण्यांकडे गेलेला नव्हता.

मनीषा आतून आली. डोळे सुजलेले. "नाना, माले माहीत नव्हतं..."

"बस, बेटा," नानांनी तिला समोरचा पाट दाखवला. कापडावरचं एक नाणं उचललं, तळहातावर ठेवलं आणि तिच्यापुढे धरलं. "हात लाव."

ती घाबरली. नानांनी हात तसाच धरून ठेवला. मग तिनं एक बोट पुढे केलं आणि राजाच्या बुटांवरून फिरवलं.

"नाना, बूट घालीसन पूजा करी ऱ्हायना, हाऊ कोन शे?"

या एका प्रश्नाचं उत्तर नाना तीस वर्षं जवळ घेऊन बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. मनीषा वाट बघत होती.

शेवटी राजाचं नाव मी सांगितलं.