प्रभारी आदर्श भक्षक

"सासरच्या ग पानाला, नावं ठेवू नको बाई,
जीभ ठेव उंबऱ्यात, पोट बोलायचं नाही."

सुनंदाबाईंच्या लग्नात तानूआत्या जात्यावर हळद दळताना हे म्हणत होती. आत्या गेली, जातं गेलं, आवाज मात्र कानात राहून गेला. सुनंदाबाईंनी ती ओवी आयुष्यभर कायद्यासारखी पाळली. कच्ची भाकरी, खारट आमटी, विहिणीकडची कडू कारल्याची भाजी, सगळ्यावर त्यांचा एकच शेरा असे : "छान झालंय."

दिवाळीच्या सुट्टीत त्या आणि त्यांचे यजमान कृष्णाजी निपाणीहून बेंगळुरूच्या सर्जापूर रोडला लेकाकडे आले, ते नात रूपश्रीसोबत आठवडा काढायला. दारात पाय ठेवताच सून मनस्विनीने अधिकृत माहिती दिली, की सुट्टीत स्वयंपाकघर बंद राहील. कुटुंब बेंगळुरूतच राहून जग खाणार आहे.

"सगळं रूपासाठी चाललंय, आई," अजित म्हणाला. "ती फक्त तूप घातलेला वरणभात खाते. शाळेतून चिठ्ठी आली."

शाळेने सुचवलेल्या बालआहार सल्लागार सत्यवती मॅडम यांनी व्हिडिओवरून मुलीला तपासले होते. निदान : एकान्नासक्ती, मध्यम दर्जाची. उपाय : बहुदेशीय आहार. मात्र मुलांना सांगून काही कळत नाही, ती बघून शिकतात. त्यामुळे घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने प्रत्येक पदार्थ मुलीसमोर आनंदाने खाऊन दाखवणे अत्यावश्यक होते. या पदाचे नाव होते 'आदर्श भक्षक'.

कृष्णाजींनी तत्परतेने घोषित केले, की आज त्यांचा सोमवार आहे. मग मंगळवार गणपतीचा निघाला, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारचा देव त्यांनी जवळच्या मारतहळ्ळीतल्या देवळातून शोधून आणला. आठवडाभर ते घरी बसून केळी खात होते आणि कमालीचे प्रसन्न दिसत होते.

पद सुनंदाबाईंकडे आले.

"आई, तुमचा चेहरा जरा जरी वाकडा झाला ना," मनस्विनी काकुळतीने म्हणाली, "तर ती आयुष्यभर काही खाणार नाही. मॅडम म्हणाल्यात."

एवढ्याशा पोरीचं आयुष्य आपल्या चेहऱ्यावर टांगलेलं आहे, हे कळल्यावर कुठल्या आजीचा चेहरा वाकडा होईल?

पहिल्या दिवशी जपान होते. समुद्राच्या शेवाळात गुंडाळलेला गार भात आला, आणि बाजूला हिरव्या चटणीचा गोळा. पुदिना असेल, म्हणून सुनंदाबाईंनी तो निपाणीच्या हिशोबाने एका घासात उचलला. पुढचा काही काळ त्यांना जपान दिसले, चीन दिसले, वारलेले सासरे दिसले. डोळ्यांतून धारा लागल्या. तरी त्या म्हणाल्या, "छान आहे."

"आईंना भरून आलं," मनस्विनी म्हणाली, आणि सल्लागारांना तसे कळवले. उत्तर आले : 'भावनिक प्रतिसाद उत्तम. मात्रा वाढवावी.'

मात्रा वाढली. दुसऱ्या दिवशी इथिओपियाचे आंबलेले घावन होते, त्यावर कोरियाचा आंबलेला कोबी, त्यानंतर फ्रान्सचे चीज. चीजला वास असा, की निपाणीत शेजाऱ्यांनी गटार उपसायला माणूस बोलावला असता. रूपश्री आपला वरणभाताचा डबा कवटाळून आजीकडे टक लावून बघत बसे. आजी घास घेई, डोळे मिटी, मान डोलवी, हळूच पाण्याचा घोट घेई आणि म्हणे, "छाऽन." मग रूपश्रीने नाकारलेली सगळी प्लेटही आजीच संपवी, कारण पानात टाकणे त्यांच्या घराण्यात नव्हते. प्लेट रिकामी बघून अजित तोच पदार्थ पुन्हा मागवी. "आईला फार आवडलंय."

"स्वल्प पुरे कर रे," सुनंदाबाई निपाणीच्या कानडी वळणाने एकदाच म्हणाल्या.

"संकोच करू नकोस गं. सुट्टीच आहे."

रात्री त्या कृष्णाजींना म्हणाल्या, "अहो, पोटात पंचायत भरलीये."

"मग सांग ना पोराला."

"आणि पोरीचं काय?"

कृष्णाजींनी केळे सोलले.

शेवटच्या दुपारी समारोप ठरला. एका उंच इमारतीवरचे हॉटेल, तिथला पदार्थ खास रूपश्रीसाठी निवडलेला : 'पुनर्रचित वरणभात'. वेटरने काळ्या फरशीचा तुकडा आणून ठेवला. त्यावर भाताचा कागद होता, तुपाची भुकटी होती, आणि काचेच्या टोपाखाली वरणाचा धूर होता. सल्लागार मॅडम फोनच्या पडद्यावर हजर होत्या. आज डबा आणायचा नाही, असा त्यांचाच आदेश होता.

"अम्मा, आधी धूर, मग भात," वेटर नम्रपणे म्हणाला.

सुनंदाबाईंनी धूर घेतला. वरण त्यांच्या नाकातून गेले आणि परत आले नाही. "छाऽन," त्या म्हणाल्या.

आणि मग रूपश्रीने आपण होऊन हात पुढे केला. भाताचा कागद मोडून तोंडात घातला. तिने डोळे मिटले. मान डोलवली. हळूच पाण्याचा घोट घेतला.

"छाऽन," रूपश्री म्हणाली.

अजितने टाळी वाजवली. मनस्विनीच्या डोळ्यांत पाणी आले. पडद्यावरून सत्यवती मॅडमनी मुलगी पूर्ण बरी झाल्याचे जाहीर केले. वेटरने वाढदिवस समजून मेणबत्ती आणली.

सुनंदाबाई मात्र नातीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तो चेहरा त्यांना ओळखीचा होता. ओठांची ती घडी, घशातली ती ढकल, पाठोपाठ आलेले ते गोड हसू. आठवडाभर पोरीने डब्याबाहेरचे दुसरे काही घेतलेच नव्हते. आजीचा तो खोटा चेहराच तेवढा तिने पोटभर घेतला होता. आणि तो वापरलाही वरणभातावर, जो तिला जिवापाड आवडे.

"रूपा," त्या म्हणाल्या, "थुंक ते."

"आई, काय करताय! ती खातेय," मनस्विनी कुजबुजली. "लोक बघतायत."

"आजी, पण छान आहे ना?" रूपश्रीने विचारले. गालात घास तसाच होता.

सुनंदाबाईंनी आपला तळहात तिच्या हनुवटीखाली धरला. आजूबाजूच्या टेबलांवर निम्म्या वाटेत चमचे थांबले. त्यांतला एक तुमचाही होता. उगाच मागे वळून बघू नका.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "मला यातलं काहीसुद्धा आवडलं नाही. पहिल्या दिवसापासून."