बिनचालकी मोटारीच्या सहीची मोहीम

समुद्रकिनारी, कॅलिफोर्निया प्रांती, सान अमारो म्हणोन शहर. तेथे बिनचालकी मोटार कायद्याखाली कैसी आणिली, कोणी शर्थ केली, कोणाची फजिती जाहली, हे कागदी न राहिल्यास पुढील पिढी थाप समजेल, सबब खरे तितके लिहिले असे.

रस्त्यांचे अंमलदार राजमान्य राजेश्री डॉमिनिक पाशेको सार्जंट. बावीस वर्षे बंदोबस्त केला, आणि सहीवाचून चलान फाडिले नाही, की त्या मुलुखी चालकाची सही नाही ते चलानच नव्हे. शाळेच्या नाक्यावर लोरेन क्वॉकबाई 'थांबा'ची पाटी धरोन मुले पार करीत. एके सकाळी पांढरी बिनचालकी मोटार ती पाटी न जुमानता बाईंच्या नाकासमोरून निघोन गेली. मग सार्जंटांनी पाठलाग केला, आणि मोटार अदबीने कडेस उभी राहिली, आणि सार्जंट चलानबुक उघडोन खिडकीशी गेले, तो आत कोणीच नाही! काच खाली जाहली आणि आवाज आला, "आपला दिवस छान जावो." सही कोणाची घ्यावी? सार्जंट हात हलवीत परतले.

बाईंचा पारा चढला. "अरे डॉम, मेयरची गाडीसुद्धा माझ्या पाटीपुढे थांबते! आणि या डबड्याला तू टाटा करून आलास? दंड झाला नाही, तर पाटी तुझ्या टेबलावर आणून ठेवते. मग धर तूच!"

बाई गेल्या तर मुलांस वाली नाही, हे जाणोन सार्जंटांनी कंबर कसली. राज्यदरबारी अर्जांवर अर्ज गुदरले, त्यांचे सुनावणीस सभा भरो लागल्या. मोटार चालविणारे कंपनीचे वकील फौजेनिशी आले आणि म्हणो लागले की, चालक म्हणजे मनुष्य, मनुष्य नाही सबब गुन्हा नाही. दर सभेस बोलावयास दोन मिनिटे मुकरर. वकील लांबले की क्वॉकबाई मागील बाकावरून पाटी उंच करीत, आणि सभा हसे. ऐसे अकरा महिने लोटले. मग राज्यदरबारचे फर्मान सुटले की, चालक नसेल तेथे कंपनीसच चालक समजावे आणि नोटीस तिजवर बजवावी. कंपनीने शरणचिठ्ठी दिधली आणि मोटारीस पाटी ओळखावयास शिकविले.

फर्मानाचे पहिले सकाळी तीच मोटार नाक्यावर आली आणि पाटीपुढे गपकन थांबली. बाईंचे डोळे भरोन आले. मुले पार जाहली. बाईंनी पाटी खांबास टेकविली आणि थर्मासातील चहा ओतला. मोटार पाटीकडे पाहोन उभीच. मागे सार्जंटांची गाडी अडकली, आणि विजयसमारंभास उशीर होत होता, आणि त्यांनी तीन वेळा हॉर्न ठोकला.

बाई कप घेऊन सार्जंटांच्या खिडकीशी आल्या. "शाळेपुढे विनाकारण हॉर्न? काढ चलानबुक."

"अहो लोरेनबाई, कोणावर फाडू?"

"चालकावर. या गाडीत बसलाय की!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फर्मानानंतरचे पहिले चलान सार्जंट डॉमिनिक पाशेको यांजवर, खुद्द त्यांचेच हस्ते, चालकाचे सहीनिशी दफ्तरी दाखल असे. पाटी बाईंचे हाती कायम.