आहेरकाकांचा बुडबुडा

आमचे शेजारी आहेरकाका चहा समोर आला की लगेच पीत नाहीत. कप टेबलावर ठेवतात, खाली वाकून एक डोळा मिटतात आणि चहा कपाच्या काठाला सगळीकडून सारखा टेकलाय का ते बघतात. "वहिनी, टेबल खिडकीकडे उतरतंय," असं आमच्या हिला सांगून झालं की मग पहिला घोट. हिनं एकदा कंटाळून टेबलच बदललं. काका नव्या टेबलापाशी वाकले आणि म्हणाले, "टेबलाचा दोष नव्हता. तुमची जमीनच उतरती आहे."

ओझरच्या विमान कारखान्यात काकांनी जन्मभर मापं घेतली. रिटायर होऊन गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहायला आले, तरी सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी बोटाएवढी लेव्हल कायम. काचेची नळी, आत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. "डोळा फसतो, बुडबुडा खोटं बोलत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भाच्याच्या लग्नात त्यांनी चौरंगावर लेव्हल ठेवली होती, आणि चौरंगाखाली पुठ्ठा सरकवून होईपर्यंत नवरदेव उभा होता. काकू गेल्यानंतर काका रविवारी आमच्याकडे जास्तच वेळ बसू लागले. तेव्हा आमच्या घरातलं एकही कॅलेंडर वाकडं राहिलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात काकांनी पेरूच्या झाडामागे पत्र्याची शेड बांधायला काढली. फावडी-कुदळी ठेवायला, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. शेडच्या खाली काँक्रीटचा कोबा हवा, आणि तो आरशासारखा सपाट हवा. लक्ष्मण मिस्तरीनं वीतभर माती उकरली, मुरूम टाकून चोपला आणि चारी बाजूंनी फळ्या ठोकायला घेतल्या. फळ्यांच्या कडा एका उंचीला आल्या की त्यांच्या आतलं काँक्रीटही सपाट होतं. ती उंची जुळवायला मिस्तरीकडे पाण्यानं भरलेली लांब नळी होती. तिची दोन टोकं दोन कोपऱ्यांवर धरली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं.

"नळी मी भरणार," काका म्हणाले. भरली, आणि काकांच्या देखरेखीखाली फळ्या ठोकून झाल्या.

मिस्तरीनं लांबून बघितलं. "काका, पेरूकडची फळी वर हाय."

"डोळा फसतो, लक्ष्मण."

"फावड्यांना कळणार हाय का ते? पण वर हाय, एवढं नक्की."

त्यानं गवतातून नळी उचलली. मधोमध चांगली चार बोटं हवा अडकली होती. काकांनी घाईनं नळाला लावून भरलेली. "ह्यो बघा तुमचा बुडबुडा," मिस्तरी म्हणाला, "लय खोटं बोलतोय ह्यो."

मी हसलो. काका हसले नाहीत. मुरमाच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, "वसंताला मी असंच बोललो होतो."

वसंता म्हणजे देवळाली कॅम्पचे वसंत बोरस्ते, काकांचे कारखान्यातले जोडीदार. दर रविवारी दोघांचा कॅरमचा डाव ठरलेला. सात वर्षांपूर्वी वसंतरावांनी नवं घर बांधलं, एकेक फरशी जवळ उभं राहून बसवून घेतली. तिथल्या पहिल्याच डावात काकांची राणी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबली आणि डाव गेला. काका चार माणसांत म्हणाले, "तुझी फरशीच उतरती आहे." वसंतरावांनी सोंगट्या गोळा केल्या. तेव्हापासून बोलणं बंद.

"शेड कॅरमसाठी आहे," काका मला म्हणाले. "तो आला तर खाली जमीन तरी सरळ असावी."

"बोलावलंत त्यांना?"

"आधी कोबा होऊ दे."

फळ्या नव्यानं ठोकल्या, कोबा झाला. काकांनी त्यावर गोणपाटं अंथरून पंधरा दिवस पाणी मारलं. पत्रे चढले, कॅरमही आला. फोन मात्र होईना. आज काय तर रंग ओला आहे, उद्या काय तर पावडर आणायची आहे. शेवटी मीच नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला.

रविवारी वसंतराव आले. किडकिडीत, गंभीर गृहस्थ. कोब्यावर त्यांनी चपलेसकट एक फेरी मारली आणि स्टुलावर बसले. काकांनी लेव्हल काढून कॅरमवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. वसंतरावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वसंता," काका म्हणाले, "त्या दिवशी तुझ्याकडे मी लेव्हल लावलीच नव्हती. हरलो म्हणून बोललो."

वसंतराव पावडर पसरत राहिले. "मी लावली होती," ते म्हणाले. "तू गेल्यावर, शेजाऱ्याची आणून."

"मग?"

"उतरती आहे. सूतभर. सात वर्षं मला सांगवेना."

काकांनी लेव्हल उचलून खिशात टाकली आणि सोंगट्या मांडायला घेतल्या. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. काकांनी कप उचलला आणि न बघताच तोंडाला लावला.