गाजराच्या तक्त्यावरचा आकडा

पलूसच्या एसटी स्टँडसमोर एका शिकवणीच्या फलकावर बेंझिनचा षटकोन रंगवलाय. तीन बाजू एकेरी, तीन दुहेरी. आमचे थोरात सर रोज कॉलेजला जाताना तिथं थांबतात आणि त्या फलकाला शिव्या घालतात. एकदा तर ओला रुमाल घेऊन पुसायला शिडीवर चढले. खाली मी, त्यांच्याच रसायनशास्त्र विभागातली शिक्षिका, शरमेनं मेले.

"सहाही अंतरं सारखी हायती!" सर वरून ओरडत होते. "एकेरी न्हाई, दुहेरी न्हाई, मधलं हाय! गणित करा, मग रंगवा!"

"गणित करा, मग बोला" हे त्यांचं पालुपद. एकाआड एक एकेरी-दुहेरी बंध असलेल्या कार्बनच्या साखळीत कुठला बंध किती लांब, हे सर कागद-पेन्सिलीनं काढतात. संगणक हे पाच मिनिटांत करतो, असं मी एकदा सांगून बघितलं. "आवं मॅडम, मग सैपाक बी त्यालाच सांगा की!" डोकं फिरतं माझं असल्या माणसापुढं. पोरांनी दशांशातला दुसरा आकडा चुकवला की वही थेट खिडकीबाहेर. स्वतःची चूक मात्र जन्मात कबूल केली नाही. प्राचार्यांपुढंसुद्धा नाही.

यंदा तपासणी समिती येणार, म्हणून सरांचा मोठा तक्ता प्रयोगशाळेत लावायचं ठरलं. गाजराला रंग देणाऱ्या रेणूचा तक्ता, प्रत्येक बंधाची लांबी हातानं लिहिलेली. ते काम पडलं माझ्या गळ्यात. बघते तर काय, एका एकेरी बंधावर १.४३ च्या जागी १.३४! आकडे उलटे पडलेले. लांब बंध आखूड होऊन बसला होता.

"सर, हे दुरुस्त करा."

"ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या?" माझा पारा चढला. "पोरांच्या वह्या भिरकावता, आणि हे ऱ्हाऊ द्या? समितीपुढं अब्रू माझी जाणार! सरका, मीच खोडते."

मी पेन उघडलं. सरांनी त्या आकड्यावर पंजा ठेवला.

"कुसुमनं लिवलंय त्ये," ते म्हणाले. "दुखण्यात. मी आकडं सांगायचो, ती लिवायची. हात लय कापायचा. ह्यो आकडा लिवला आन् पेन खाली ठेवलं. परत धरलं न्हाई. फुडचं मी लिवलंय."

सरांच्या पत्नीला, कुसुमकाकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पेन पर्समध्ये टाकलं, पण राग गेला नाही. फक्त आता तो माझा मलाच येत होता.

समिती आली. चष्मेवाल्या साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "इतकी ढोबळ चूक? हे लिहिलंय कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत सर पुढं झाले. आवाज नेहमीसारखाच तापलेला.

"मी लिवलंय! चूक माझी हाय. घ्या लिवून!"

साहेबांनी वही काढली. सर त्यांच्या खांद्याजवळ उभे राहिले आणि आपलं नाव नीट लिहिलं जातंय का, ते शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिले.