तांत्रिक खंड

आमच्या कार्यालयात कंत्राटी कर्मचारी दर अकरा महिन्यांनी एक दिवस नसतो. रजेवर असतो असं नव्हे, नसतोच. याला तांत्रिक खंड म्हणतात. नोकरी सलग झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून मध्ये एक दिवस तो काढून घेतात. त्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी दिसत नाही, कारण खुर्चीही नसते. घरी त्याच्या वाट्याच्या पोळ्या लाटल्या जात नाहीत आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. मग हजर आदेश निघतो, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो खुर्चीसकट परत असतो.

माझे तीन खंड झालेत. दुखत नाही.

एमएला तत्त्वज्ञानाच्या पेपरात मला प्रश्न आला होता की काही गोष्टी असतातच आणि काही असतात पण नसत्या तरी चाललं असतं, यातला फरक सोदाहरण स्पष्ट करा. मी टेबलाचं उदाहरण दिलं. दहापैकी सात मिळाले. आज लिहिलं तर नऊ मिळतील.

आमचा पगार आस्थापना खर्चात धरत नाहीत. तो सादिलवारमध्ये पडतो, म्हणजे फिनेल, टाचण्या आणि पाहुण्यांचा चहा यांच्याबरोबर. भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट मागे आहे. त्याच्या दुरुस्तीला सादिलवारमध्ये पैसे उरले नाहीत, कारण तिथे आम्ही दोघं होतो. मी आणि बिडवे.

हजर आदेशाचा कागद साहेबांपुढे खंडाच्याच दिवशी ठेवायचा असतो, आधी नाही. माणूस असताना त्याला परत बोलावता येत नाही, असा शेरा एकदा आला होता. कायम कर्मचाऱ्यांना नसलेला माणूस आठवत नाही. आठवतो फक्त दुसऱ्या कंत्राट्याला, कारण तो स्वतः कधीतरी नव्हता. म्हणून बिडव्यांचा आदेश मी टाइप करायची आणि माझा बिडवे. त्यांचा विनोद ठरलेला असायचा. "ढोबळे मॅडम, विसरलो तर रागवू नका हं. रागवायला तुम्ही नसालच म्हणा!"

आठ दिवसांपूर्वी बिडव्यांचा खंड होता. जुन्या आदेशावर नवी तारीख टाकत असताना साहेबांची घंटा वाजली आणि मी दचकले. मी घंटेला नेहमीच दचकते. सालाचा आकडा एकाने पुढचा पडला. साहेबांनी सही केली. बिडवे आता पुढच्या वर्षी येतील.

आणि माझा खंड उद्या होता. म्हणजे आज सव्वासहाला, कार्यालय सुटताच, मी संपणार, आणि उद्या माझा कागद ठेवायला कुणी नाही.

दुपारी मी हेडक्लार्क वाघचौरे भाऊसाहेबांकडे शुद्धिपत्रकाचा मसुदा घेऊन गेले.

"कोण बिडवे?" ते म्हणाले.

"इथेच बसतात, माझ्या शेजारी."

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. माझ्या टेबलाशेजारी कपाट होतं. "असतील. पण आदेशात बदल करायचा तर संबंधिताचा अर्ज लागतो."

"संबंधित नाहीत ना, भाऊसाहेब. म्हणूनच तर बदल करायचाय."

"मग अर्ज कसा येणार?" ते समजुतीने म्हणाले. "असं घाबरून काय होतंय पोरी? नातेवाइकाचं घोषणापत्र चालतं. बायकोचं आण. सहापर्यंत आण नाहीतर उद्या आण, मला काय. आलं की सही घेतो, दुसऱ्या दिवशी तुझा बिडवे हजर."

म्हणजे तिची सही झाली की बिडवे येणार, आणि बिडवे आले की मी. मी कोरा नमुना घेऊन निघाले.

बिडव्यांचं घर पाण्याच्या टाकीमागे आहे. दार त्यांच्या बायकोने उघडलं. उज्ज्वला नाव. खोलीत शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. चार-पाच वर्षांची मुलगी कपड्यांच्या चिंध्या डोक्यावर घेऊन मोठमोठ्याने गात होती. भिंतीवर एक खिळा होता आणि त्याला काही नव्हतं.

"बिडवे? इथं मी आणि परी दोघीच राहतो," ती म्हणाली. "चुकलात तुम्ही."

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. असल्या गोष्टी आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहेत. तिच्या मावशीचा मुलगा पाटबंधाऱ्यात कंत्राटावर आहे.

"म्हणजे मला नवरा आहे."

"हो."

"आणि इथं सही केली की येणार."

"उद्या दहाला."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उडालेच. परी मला हसली. बिडव्यांबरोबर मी तिला एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. ऑफिसात एकदा आली होती तेव्हा ती टेबलाखाली बसून राहिली होती.

उज्ज्वलाने गॅस बारीक केला. "तुम्ही बघितलाय त्याला. कसा आहे? चांगला आहे का?"

रोज दोन वाजता बिडवे घरी फोन करायचे. आवाज चढवायचे नाहीत. गाणं गुणगुणावं तसं म्हणायचे, "तू मेलीस तरी चालेल गं, पण आधी भाकरी नीट भाजायला शीक." मी डब्यात बघत बसायची. नंतर ते मला लोणचं द्यायचे.

"ऑफिसात चांगले आहेत," मी म्हणाले.

"ऑफिसात," ती म्हणाली. तिने मशीनवरची कात्री उचलून परत ठेवली. "आणि घरात?"

हो म्हणायला फक्त एक अक्षर लागलं असतं.

"फोनवर ऐकलं तेवढ्यावरून सांगते. नाहीत."

तिने अर्धवट गणवेशाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमचं काय अडलंय पण? एवढ्या उन्हात आलात."

तेही सांगितलं.

"घरी कोण आहे तुमच्या?"

"आई."

"तिला काही वाटणार नाही ना पण? नसल्यावर?"

"नाही. तिला काहीच वाटणार नाही."

"मग बरंय," ती म्हणाली, आणि ते तिने खरोखर मायेने म्हटलं. मी कागदासाठी हात पुढे केला, तर तिने तो दुमडून मशीनच्या खणात, बॉबिनींच्या डबीखाली ठेवला. "असू द्या माझ्याकडं. परीला शाळेत घालायचीय. बापाचं नाव मागितलं आणि अगदीच अडलं, तर बघू. चहा घेता?"

चहाला वेळ नव्हता.

कार्यालयात परत आले तेव्हा भाऊसाहेब टेबल आवरत होते. "आणलंस?" त्यांनी विचारलं. "तिने ठेवून घेतलंय," मी म्हणाले. "ठेवलंय ना? मग झालं तर," ते म्हणाले आणि गेले.

मी कॉम्प्युटरवर कव्हर घातलं. पाण्याची बाटली रिकामी करून कुंडीत ओतली. मग घरी फोन लावला, कारण आईला अन्न वाया गेलेलं चालत नाही.

"आई, रात्रीचा भात एकटीपुरताच लाव."

"एकटीपुरताच लावलाय," आई म्हणाली. "कोण बोलतंय?"

मी दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.