मोहबोडी गेटचा ऑस्ट्रेलियन पक्षी

साडेआठ वाजले तरी वाघ दिसला नाही, तेव्हा गुणवंतरावांनी जिप्सीतच अभिप्रायाची वही मागितली.

“वही गेटवर असते, काका,” गाईड प्रणित म्हणाला. “अजून एक पाणवठा बाकी आहे.”

मोहबोडी गेटचा नियम साधा होता. वहीत दोन तक्रारी आल्या की गाईडचं नाव यादीतून कायमचं गेलं. प्रणितची एक झाली होती. एका पाहुण्यानं लिहिलं होतं, ‘वाघ दाखवला, पण लहान दाखवला.’ वनखात्याच्या नव्या साहेबांनी यावर तोडगा काढला होता: वाघ नसेल तर पक्ष्यांची माहिती द्या. कुठल्या पक्ष्यांची, ते सांगायचं राहिलं. प्रणितनं मोबाईलवर बघून सगळ्या जगाचे पाठ केले.

“काकू, पेंग्विनचा नर दोन महिने उपाशी राहून पायावर अंडं सांभाळते. बर्फात उभा राहून. मादी समुद्रात खायला जाते.”

मीराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. “ऐकलं काय?”

“मी वाघासाठी आलो,” गुणवंतराव म्हणाले.

“गॉडविट म्हणून एक आहे, काका. अलास्काहून उडाला तो अकरा दिवस कुठीच उतरला नाई. ना खाणं, ना पाणी.”

“इथं दिसते काय?”

“नाई.”

“मग काऊन सांगून राह्यला?”

प्रणितनं पाठ केलेला शेवटचा पक्षी काढला. “ऑस्ट्रेलियात लायरबर्ड आहे. कशाचीही नक्कल करते. कॅमेऱ्याची, हॉर्नची, झाड कापाच्या मशीनचीसुद्धा.”

तेवढ्यात उजवीकडच्या सागवनातून आवाज आला. घर्रर्र.

प्रणितनं ड्रायव्हर लालसूकडे बघितलं. लालसूनं स्टेअरिंगकडे बघितलं. लाकूडचोर आहेत म्हणावं तर पाहुणे घाबरणार, वहीत दुसरी तक्रार पक्की.

“हाच काय तो?” मीराबाईंनी हळूच विचारलं.

प्रणितची मान हलली. रस्त्यात खड्डा होता, असं त्यानं नंतर लालसूला सांगितलं.

मग धाडकन काहीतरी पडलं. जमीन हादरली.

“हे पण पक्षीच करते?”

“लई हुशार असते, काकू.”

गुणवंतरावांनी सगळं रेकॉर्ड केलं. वहीत पाच चांदण्या काढल्या, पेन पुरलं असतं तर सहावी काढली असती. संध्याकाळपर्यंत तो आवाज चंद्रपूरपासून अहेरीपर्यंत मोबाईल-मोबाईलवर फिरला.

आठवडाभरात गेटवर गाड्यांची रांग लागली. एकदा खरंच वाघ रस्त्यावर येऊन उभा राहिला, तर एक बाई त्याच्यावरच वैतागली. “हा हटत काऊन नाई? पक्षी तिकडं आहे ना.”

प्रणितला झोप लागेना. तो साहेबांकडे गेला. “साहेब, तो पक्षी नाई. चोर आहेत. सागाची तीस झाडं गेली.”

साहेबांनी आधी दार लावलं. मग फाईल उघडली. पक्ष्याच्या संरक्षणाचा प्रस्ताव वर गेला होता आणि मंजूर होऊन खाली आला होता. त्या भागात गस्तवाल्यांनाही बंदी. घरट्याला त्रास नको.

“प्रणित, चोर म्हटले तर पकडा लागते. पक्षी म्हटला तर फक्त जपा लागते. तूच सांग, काय सोपं आहे?”

“पण साहेब, झाडं...”

“तुले पक्षीरक्षक म्हणून कायम करून राह्यलो. सही कर.”

कायम हा शब्द प्रणितच्या घरात आजवर कोणाच्या वाट्याला आला नव्हता. त्यानं सही केली.

पुढच्या महिन्यात साग संपला आणि चोर दुसरीकडे गेले. जंगल एकदम गप्प. पाहुणे रुसून परत जाऊ लागले, वहीत तक्रारी पडू लागल्या. साहेबांनी प्रणितला बोलावलं.

“आवाज कुठी गेला?”

“झाडं संपली, साहेब.”

“पक्षीरक्षक तू आहेस. पक्षी नाई, तर रक्षक कायले पाहिजे?”

दुसऱ्या दिवसापासून प्रणित रोज सकाळी सातला झुडपात बसून कचेरीतलीच कटर मशीन चालवू लागला. झाडाला लावत नव्हता. नुसती हवेत.

नऊ दिवस बरं चाललं. दहाव्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातलं वनखात्याचं फिरतं पथक आलं. गस्तबंदीचा हुकूम त्यांना माहीत नव्हता. कापलेल्या सागाची थुटंच थुटं, एक मशीन आणि मशीनमागे एक माणूस, असं सगळं त्यांना एकाच जागी सापडलं.

“नाव सांग,” पथकप्रमुख म्हणाले. मशीन त्यांनी आधीच जप्त केली होती.

“साहेब, मी चोर नाई. मी पक्षी आहो.”

प्रमुखांचं पेन थांबलं.

इतक्यात रस्त्यावर जिप्सी येऊन उभी राहिली. लालसूचा आवाज ऐकू आला, “आता बोलते, काकू. सातचा टाइम आहे त्याचा.” मीराबाई नागपूरहून बहिणींना घेऊन आल्या होत्या.

एक मिनिट गेलं. दोन गेली. “वही द्या हो,” बहिणींपैकी एक म्हणाली.

प्रणितनं जप्त मशीनकडे बघितलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले, छातीत हवा भरली.

“घर्रर्र...”

पथकातला कोणी हलला नाही. रस्त्यावर टाळ्या वाजल्या.

“हाच तो,” मीराबाई बहिणींना म्हणाल्या. “पण आज गळा बसला वाटते बिचाऱ्याचा.”